डक्टमधला समुद्र

"बाटलो नाही गं, बाल्यो! कासा बाल्यो!"

मेट्रोत उभ्या उभ्या ताई माझा उच्चार सुधारत होती आणि मला हसू आवरत नव्हतं. स्पेलिंगमध्ये ठसठशीत दिसणारा 'टी' हे कॅटलान लोक गिळून कसा टाकतात, हा एक प्रश्न. आणि पेठेतल्या एखाद्या आजोबांना सांगितलं, की मी युरोपात जाऊन 'बाटलो' बघून आले, तर त्यांचा चेहरा कसा होईल, हा दुसरा!

ताई म्हणजे माझी मावसबहीण. नऊ वर्षं झाली, बार्सिलोनात असते. तिचं काम प्रोजेक्शनचं. "म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये फोटो दाखवतात तसं का गं?" असं माझ्या आईने तिला एकदा फोनवर विचारलं होतं. ताई म्हणाली, "हो मावशी, तसंच. फक्त हॉल पाचशे वर्षांचा असतो आणि भिंतीला खिळा मारायचा नसतो."

मी निघाले होते स्टोरी करायला. विषय एकदम हॉट, इमर्सिव्ह डिजिटल आर्ट. पण माझ्या सॅकमध्ये कॅमेऱ्याखेरीज आणखी दोन गोष्टी होत्या. आईने दिलेलं भाजणीचं पाकीट आणि एक प्लॅस्टिकचा फोल्डर. फोल्डरमध्ये आजोबांच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याचं संमतीपत्र. वाडा बिल्डरला द्यायचा ठरलाय. मावशी तीन वर्षांपूर्वी गेली, तिचा हिस्सा ताईच्या नावावर आला. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्यात. "ताईची तेवढी सही आण, मग काय ती मजा कर," ही आईची ऑर्डर.

म्हटलं, आधी मजा करू. सही काय, पाच मिनिटांचं काम.

चित्राच्या आत शिरायचा फंडा

हा इमर्सिव्ह प्रकार ज्यांनी अजून अनुभवला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीच्या प्रदर्शनात चित्र भिंतीवर असतं आणि तुम्ही समोर. इथे भिंत, जमीन, छत, सगळंच चित्र आणि तुम्ही मधोमध. फुलं तुमच्या बुटांवरून उमलत जातात, धबधबा खांद्यावरून वाहतो. अंग मात्र कोरडं ठणठणीत!

युरोपात या शोंसाठी जुन्या इमारती शोधून काढायची चढाओढच लागलीय. पॅरिसमध्ये 2018 साली लोखंडाच्या एका जुन्या ओतशाळेत 'आतेलिए दे ल्युमिएर' सुरू झालं. त्याच वर्षी पॅरिसच्याच 'ला व्हिलेत'मध्ये जपानच्या 'टीमलॅब'ने फुलं आणि धबधबे आणले. कुठे? तर 1867 मध्ये उभ्या राहिलेल्या गुरांच्या बाजाराच्या भल्यामोठ्या लोखंडी मंडपात. 2020 साली बोर्दोमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुड्यांच्या तळाचा नंबर लागला.

"कारखाने, गोदामं सोपी असतात," ताई म्हणाली. "उंच छत, खिडक्या कमी, भिंतीवर नक्षी नाही. खरी परीक्षा राहत्या घरात. चल, दाखवते."

हाडांचं घर

पासेच द ग्रासिया म्हणजे बार्सिलोनाचा सगळ्यात मिजासखोर रस्ता. ब्रँडेड शोरूम्स, रुंद फुटपाथ, आणि 43 नंबरला हे घर. समोर उभं राहिलं की पहिली दोन मिनिटं माणूस काही बोलत नाही. दर्शनी भिंतीवर एक सरळ रेघ नाही. दगडी खांब हाडांसारखे, म्हणून गावातले लोक याला 'हाडांचं घर'ही म्हणतात. बाल्कन्या मुखवट्यांसारख्या. मधली भिंत रंगीत काच आणि चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेली. सकाळचं ऊन पडलं, की पावसाळ्यानंतरच्या तळ्यासारखी चमचमते. वर छताला माशाची, नाहीतर ड्रॅगनची म्हणा, खवल्यांची पाठ.

गंमत म्हणजे हे घर गाउदीने मुळात बांधलेलंच नाही. घर 1877 चं, चारचौघांसारखं. कापडगिरणीवाले जुझेप बाल्यो यांना ते पाडून नवीन बांधायचं होतं. आन्तोनी गाउदीने त्यांना पटवलं की पाडू नका, यातूनच करू. 1904 ते 1906 या काळात त्याने ते आतून-बाहेरून बदलून टाकलं. 2005 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

'पाडू नका' हे शब्द ऐकल्यावर ताईने माझ्या सॅककडे पाहिलं. मी तिकिटांच्या रांगेकडे.

2021 पासून या घराची सफर नव्याने आखलीय. सुरुवातीलाच तुम्ही 'गाउदी डोम' नावाच्या अंधाऱ्या खोलीत शिरता. डोक्यावर हजाराहून जास्त स्क्रीन्सचा घुमट. विषय निसर्ग. गाउदीला लहानपणी संधिवाताचं दुखणं होतं. इतर पोरांसारखं हुंदडता येत नसल्यामुळे तो झाडं, किडे, पाणी बघत बसायचा. पुढे जे काही बांधलं त्याचं बी तिथे पडलं, असं म्हणतात. घुमटात तेच सुरू होतं. पानं, उजेड, पाणी, सगळं अंगावर येतं, आवाज कानामागून फिरतो. सॉलिड! शेजारची चिमुरडी हवेतलं काहीतरी पकडायला हात उंचावत होती आणि खरं सांगते, माझाही हात अर्धा वर गेला होता.

"मस्त आहे ना?" मी बाहेर येऊन म्हटलं.

"मस्तच आहे," ताई म्हणाली. "आता खरी मशीन बघ."

डक्ट म्हणू नये, पण डक्टच

घराच्या मधोमध उभा चौकोन आहे. वरपासून खालपर्यंत आरपार, माथ्यावर काचेचं छप्पर. सगळ्या मजल्यांच्या आतल्या खिडक्या त्यात उघडतात. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये आपण याला डक्ट म्हणतो. आपल्या डक्टमध्ये काय असतं ते तुम्हाला माहितीच आहे. ड्रेनेजचे पाइप, कबुतरं, एक्झॉस्ट फॅन आणि तिसऱ्या मजल्यावरून पडलेला एक मोजा.

इथे? इथे समुद्र आहे.

पूर्ण उंचीभर निळ्या टाइल्स. वरती गडद निळ्या, खाली येता येता फिकट, तळाला जवळजवळ पांढऱ्या. मला वाटलं, डिझाइन असेल. ताई म्हणाली, "मान वर कर. वर ऊन जास्त पडतं, तिथे गडद रंग थोडा उजेड पिऊन टाकतो. खाली उजेड कमी, तिथे फिकट रंग आहे तेवढा परत फेकतो. म्हणून खालून बघ नाहीतर वरून, निळा सगळीकडे सारखाच वाटतो." खिडक्यांचंही तेच. वरच्या मजल्यांवर लहान, खाली मोठ्या. उजेडाची वाटणी! तळमजल्यावर राहणाऱ्यालाही त्याचा हिस्सा मिळाला पाहिजे, हा साधा हिशेब. खिडक्यांखाली लाकडी झडपा आहेत, हवी तेवढी हवा आत घ्यायची. माशाच्या कल्ल्यांसारख्या.

जिन्याच्या कडेला लहरी काचा लावल्यात. त्यातून त्या टाइल्सकडे बघितलं आणि मी चक्क पाण्याखाली होते. मी एक पायरी चढले, पाणी हललं. थांबले, थांबलं.

प्रोजेक्टर नाही, सेन्सर नाही, प्लगसुद्धा नाही. 1906 पासून सुरू आहे.

मग दुसऱ्या मजल्यासारख्या दिसणाऱ्या मुख्य मजल्यावर गेलो. इथे बाल्यो कुटुंब राहायचं. शेकोटी अळंबीच्या आकाराची. दिवाणखान्याचं छत भोवऱ्यासारखं फिरत दिव्याकडे गेलेलं. माझ्या तिकिटाबरोबर हातात एक टॅब्लेट मिळाला होता. रिकाम्या खोलीसमोर धरला की त्यात तेव्हाचं फर्निचर दिसायला लागतं. मी टॅब्लेट वर, टॅब्लेट खाली, असं करत होते. ताईने माझ्या हातातून तो घेतला आणि म्हणाली, "आधी खिडकी बघ. मग हे."

खिळा न मारता

दोन मजले चढेपर्यंत ताईने मला तिच्या धंद्याचा क्रॅश कोर्स दिला. जुन्या इमारतीत डिजिटल शो लावायचा तर पहिला नियम असा, की जे लावाल ते उद्या काढता आलं पाहिजे आणि काढल्यावर खूण राहता कामा नये. भोक पाडायचं नाही, चिकटवायचं नाही. म्हणून स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या चौकटी आणायच्या, त्यांच्या तळाला वजन ठेवायचं. पण लाकडी जमीन किती वजन पेलेल, हे आधी इंजिनिअरकडून लिहून घ्यायचं.

मग भिंती. जुनी भिंत सपाट नसते. म्हणून आधी लेझरने सगळ्या खोलीचं स्कॅनिंग. लाखो ठिपक्यांची एक खोली कॉम्प्युटरमध्ये उभी राहते. चित्र त्या खोलीच्या वळणांप्रमाणे आधीच वाकवून घ्यायचं, म्हणजे खऱ्या भिंतीवर पडलं की सरळ दिसतं. एका प्रोजेक्टरने भागत नाही. अनेक लावायचे, त्यांच्या कडा एकमेकांवर चढवायच्या आणि तिथला उजेड कमी करत जोड मिटवायचा. प्रोजेक्टर तापतात, त्यांचे पंखे घोंघावतात. जुन्या चित्रांना, लाकडाला ती उष्णता सोसत नाही. म्हणजे आला हवा खेळती ठेवायचा प्रश्न.

"आणि सगळ्यात मोठी भानगड," ताई जिन्यात थांबून म्हणाली, "आम्हाला अंधार लागतो. उजेडात प्रोजेक्शन धुऊन जातं. पहिल्या दिवशी आम्ही काय करतो माहितीये? खिडक्यांना काळे पडदे लावतो. ज्याने कोणी ते घर बांधलं, त्याने जीव काढून उजेड आत आणलेला असतो."

हे मात्र माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं.

यावर उपाय म्हणून या घराने आपली बाहेरची भिंतच कलाकारांना दिली. रात्री, अंधार फुकट असताना! मे 2022 मध्ये रफिक अनादोल या कलाकाराने दर्शनी भिंतीवर केलेलं 'लिव्हिंग आर्किटेक्चर' त्या क्षणाच्या हवामानाच्या आकड्यांवर हलत होतं. त्याची डिजिटल प्रत न्यूयॉर्कच्या लिलावात 13 लाख 80 हजार डॉलरला गेली. जानेवारी 2024 मध्ये सोफिया क्रेस्पोने त्याच भिंतीवर निसर्गातले आकार आणि पोत फुलवले, 2025 मध्ये क्वायोलाने झाडांची वाढ. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत होती तशीच. एक ओरखडा नाही.

गच्चीवरून कोळशाच्या खोलीत

माळा पांढराशुभ्र आहे. एकामागोमाग एक 60 कमानी, एखाद्या मोठ्या प्राण्याच्या बरगड्यांत शिरल्यासारखं. इथे धुणीभांडी, अडगळ असायची. अडगळीच्या खोलीवर इतकी मेहनत! त्यावर गच्ची, ड्रॅगनची पाठ आणि वळलेली धुराडी.

खाली उतरायचा जिना केन्गो कुमा या जपानी आर्किटेक्टचा. अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक साखळ्यांचे पडदे, एकूण 1 लाख 64 हजार मीटर साखळी. वर चंदेरी, खाली येता येता काळपट. निळ्या चौकाचाच खेळ, दुसऱ्या भाषेत. तळाला, जिथे पूर्वी कोळसा साठवायचे, तिथे 'गाउदी क्यूब'. पुन्हा अनादोल. चार भिंती, छत आणि पायाखालची जमीन, सहाही बाजूंना एलईडी. गाउदीची रेखाटनं, फोटो, जुने कागद कॉम्प्युटरला खिलवले आणि यंत्राने त्यातून हे स्वप्न काढलं. दगड वितळतो, त्याच्या लाटा होतात, लाटांतून पुन्हा कमानी. मी तोल जाऊ नये म्हणून ताईचा दंड धरला. शो संपला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

"बघितलंस?" बाहेर आल्यावर ताई म्हणाली. "इथे कुणीतरी डोकं लावलंय. गाउदीच्या उजेडाला धक्का न लावता अंधार कुठे मिळेल? कोळशाच्या खोलीत."

माझी स्टोरी मला तिथे मिळाली. निसर्गावरचा डिजिटल शो जुन्या घरात चालतो की नाही, हे शोच्या भव्यतेवर ठरत नाही. घराचं जे मुळातलं काम आहे, ते त्याने चालू ठेवलं की बंद पाडलं, यावर ठरतं. घुमट बघून आल्यावर मी निळ्या चौकात दुप्पट वेळ थांबले होते. म्हणजे शो पास!

5 बाय 8

संध्याकाळी ताईच्या फ्लॅटवर थालीपिठं झाली. मग मी फोल्डर काढला. ताईने संमतीपत्र बाजूला ठेवलं आणि आधी प्लॅन उघडला. बोट फिरवत फिरवत ती एका जागी थांबली.

"चौक कुठे गेला?"

"चौक नाहीये त्यात. डक्ट आहे. 5 बाय 8."

आमच्या वाड्याचा चौक तुम्हाला कसा सांगू? मधोमध हौद, कोपऱ्यात प्राजक्त. सुट्टीत आम्ही दोघी तिथेच जेवायचो, भांडायचो, झोपायचो. पण नॉस्टॅल्जियाची दुसरी बाजूही सांगते. मागची भिंत लाकडी टेकूंवर उभी आहे. 11 भाडेकरूंना मिळून दोन संडास. त्यातल्या काकू 70 च्या पुढच्या आहेत, रात्री छत्री धरून जातात. त्यांना स्वतःची बाथरूम हवी यात चूक काय?

ताईने न बोलता लॅपटॉप उघडला. मागच्या खेपेला तिने फोनने अख्खा चौक स्कॅन करून नेला होता, हे मला माहीतच नव्हतं. स्क्रीनवर काळोख आणि त्यात ठिपके. ठिपक्यांचा हौद, ठिपक्यांची ओसरी, आणि प्राजक्त. एकेक फूल सुटून खाली येत होतं. "एकसारखं दोनदा पडत नाही," ती म्हणाली. "प्रोग्रॅमच तसा लिहिलाय. आईच्या वर्षश्राद्धाला एका खोलीत लावणार होते."

ओसरीच्या पायरीवर काहीतरी लाल ठिपके होते. मावशीची डाळ वाळवायची सुपली. स्कॅनमध्ये आली होती. मावशी नव्हती.

"मला वाटायचं, हे नीट जमलं की वाडा गेला तरी चालेल," ताई म्हणाली.

बराच वेळ आम्ही दोघी फुलं पडताना बघत बसलो. मग मी जरा बिचकतच विचारलं, "बाल्योसारखं, न पाडता...?"

"बाल्योकडे कापडगिरणी होती गं. आपल्याकडे टेकू आहेत." तिने पेन घेतलं. संमतीपत्रावर सही केली. झाली, खरंच पाच मिनिटांत. पण प्लॅनचा कागद तिने ठेवून घेतला. त्यावर पेन्सिलने 5 बाय 8 खोडलं आणि लिहिलं, 12 बाय 12. खाली बारीक अक्षरात आणखी तीन ओळी. पाइप बाहेरच्या भिंतीला. टाइल्स वर गडद, खाली पांढऱ्या. तळमजल्याच्या खिडक्या सगळ्यात मोठ्या, कारण तिथे काकू राहणार.

"यामुळे प्रत्येकाचा कार्पेट एरिया थोडा कमी होईल," मी म्हटलं.

"माझ्या हिश्शातून घ्या म्हणावं. प्लॅनवर सही मी तिकडे येऊन करते. गणपतीत. प्राजक्त फुललेला असेल."

पुण्यात परतल्यावर आईने सही बघितली, मग पेन्सिलचे आकडे बघितले आणि काही न बोलता चहा टाकला. बिल्डरच्या ऑफिसात मीच फोन केला. तिथला माणूस ऐकून घेऊन हसला. म्हणाला, "मॅडम, डक्टमध्ये कोण बघतं?"

मी त्याला निळ्या चौकाचा फोटो पाठवलाय. तिकीट काढून, रांग लावून, माना वर करून डक्टमध्ये बघणाऱ्या गर्दीसकट. दोन निळ्या टिक आल्यात. उत्तर अजून यायचंय.

प्लॅन करताय?

कासा बाल्यो बार्सिलोनाच्या मध्यावर, पासेच द ग्रासिया मेट्रो स्टेशनच्या अगदी जवळ आहे. तिकीट ऑनलाइन आधीच काढा, शक्यतो सकाळच्या पहिल्या वेळेचं. गर्दी कमी आणि दर्शनी भिंतीवर ऊन छान. हाताशी दोन तास ठेवा. शेजारचंच कासा आमाल्येर पुच इ कादाफाल्कचं, जरा पुढचं कासा येओ मोरेरा दोमेनेक इ मुन्तानेरचं. तीन दादा आर्किटेक्ट एकाच रांगेत, म्हणून या पट्ट्याला 'भांडणाचा ब्लॉक' म्हणतात! गाउदी 1926 मध्ये ट्रामच्या धडकेने गेला, त्यामुळे 2026 हे त्याच्या मृत्यूचं शंभरावं वर्ष. आणि एक फुकटचा सल्ला. निळ्या चौकात पोचलात की टॅब्लेट आणि मोबाइल दोन्ही खिशात टाका. मान वर.